बारा, आठ, सहा, एकोणतीस

३ फेब्रुवारी

ही डायरी औषधाच्या दुकानातनं फुकट मिळाली. द्राक्षाच्या औषधाच्या. प्रत्येक पानाखाली 'भुरीवर खात्रीचा उपाय' छापलंय. माझ्यावर कुणी उपाय छापलेला नाही, म्हणून लिहितोय.

आज तासगाव रोडला नानासोच्या बेदाणा शेडवर मी एकाचे दोन दात पाडले.

झालं असं. आबा, म्हणजे माझे वडील, सैन्यातले रिटायर हवालदार हंबीरराव. दहा वर्षं झाली नानासोच्या शेडवर बेदाण्याची प्रत लावतात. हिरवा वेगळा, पिवळा वेगळा, काळा वेगळा. मूठभर तळहातावर घेतला, उन्हाला धरला की संपलं. हंबीररावांनी बघितलेला बॉक्स व्यापारी फोडूनसुद्धा बघत नाहीत, अशी त्यांच्या नजरेची पत. आज हिरवा म्हणून लावलेला बॉक्स उघडला तर आत निम्मा पिवळा. व्यापाऱ्याच्या माणसानं मूठ भरली आणि आबांच्या छातीवर फेकून मारली. "म्हातारा माल मिसळून खातोय," म्हणाला.

मीपण तिथंच कामाला असतो. माझ्या हातात दोन किलोचं वजन होतं. ते खाली ठेवायचं भान राहिलं नाही. नशीब त्याचं, तोंडावर बसलं, कानशिलावर नाही. रक्त बेदाण्यावर उडालं. तो बॉक्स आता कुठल्या प्रतीत बसवायचा, असं मनात आलं आणि हसू फुटलं.

मला वाटलं होतं आबा दुसरा ठोसा स्वतः घालतील. पण त्यांनी खाली पडलेला एक दाणा उचलला, उन्हात फिरवून बघितला. "हिरवाच हाय की रं ह्यो."

"व्हय आबा, हिरवाच हाय," मी म्हणालो.

तो पिवळा होता. कुणीतरी बॉक्स बदलला असणार. कोण ते शोधून काढतो आणि त्याचेपण दात मोजून हातात देतो.

नानासोनं प्रकरण पोलिसात जाऊ दिलं नाही. जाताना आबांना एवढंच म्हणाला, "हंबीरराव, राग मानू नगा. डोळ्याचा नंबर काढून या. तवर शेडवर येऊ नगा." दहा वर्षं राबलेल्या माणसाला दारातनं परत पाठवलं.

४ फेब्रुवारी

आईचं म्हणणं, मी आबांवर गेलोय. बरोबर आहे. तिसरीत असताना कुंडलच्या जत्रेत एकानं मला थोबाडीत दिली होती. आबा सुट्टीवर आलेले. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, डोळे पुसले नाहीत. दोनच प्रश्न विचारले. "नाव सांग. कुठल्या गावचा?" तासाभरानं तो माणूस आमच्या अंगणात माझ्या पाया पडत होता.

दोन वर्षांपूर्वी सांगलीला कॉलेजात मीही तेच केलं. एका पोरानं भार्गवीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला होता. त्याचं खांद्याचं हाड मोडलं. प्राचार्य म्हणाले, स्वतः जा नाहीतर काढतो. स्वतः आलो. आबांनी तेव्हाही विचारलं, "कुठल्या गावचा हुता?" बास.

भार्गवी मात्र म्हणाली होती, "मी तुला सांगितलं होतं का मारायला?" लाजून म्हणाली असणार. अकरावीपासून ओळखतो तिला.

आता ती सांगलीतच एका डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर तपासते. आबांना तिथंच न्यायचं. तारीख मीच ठरवलीय. चौदा फेब्रुवारी.

९ फेब्रुवारी

आईच्या कपाळाला तीन टाके.

दुपारी जेवायला बसलो. मिलिटरी कॅन्टीनमधनं आणलेल्या पांढऱ्या ताटल्या. आईनं दहीभात वाढला. आबा ताटलीकडं बघत बसले. मग म्हणाले, "रिकामं ताट पुढ्यात ठिवतीस व्हय गं? मी आता कमवत न्हाई म्हणून?"

"आवं, भात हाय की. खावा."

"मला आंधळा समजतीस?" आणि ताटली सरळ तिच्या तोंडावर. कड लागली. रक्त डोळ्यात उतरलं.

मी आईवरच ओरडलो. कशाला उलट बोलायचं? त्यांची नोकरी गेलीय, डोकं ठिकाणावर नाही. ती पदर कपाळाला धरून बसली. मी भिंत पुसली. भिंतीवर भात होता. म्हणजे ताटलीत भात होता. मग आबा असं का म्हणाले? कालवण नव्हतं, त्याचा राग असेल.

दारातलं काळं पायपुसणंपण आज मी काढून टाकलं. आबा त्यावर पाय देत नाहीत. खड्डा ओलांडावा तसे लांब ढांग टाकतात. काल पडता पडता वाचले. शेजारची पोरं हसत होती. एकाला कानफटवला.

१४ फेब्रुवारी

निळा शर्ट घातला. भार्गवीनं बघितलापण नाही. तिचं सगळं लक्ष आबांकडं. बरं वाटलं, सासऱ्याकडं असंच लक्ष पाहिजे.

तिनं रंगीत ठिपक्यांच्या पानांचं पुस्तक काढलं. ठिपक्यांत आकडा लपलेला असतो, तो ओळखायचा. ते पुस्तक बघताच आबा ताठ झाले, छाती पुढं. रिटायर झाल्यापासून गावातल्या पोरांना सैन्यभरतीसाठी पळवलंय त्यांनी. मेडिकलला डोळ्यात कुणी नापास होऊ नये म्हणून याच पुस्तकातले आकडे ते पोरांकडनं पाढ्यासारखे घोकून घ्यायचे. पळत पळत म्हणायचं, चुकलं की पाठीत वेताची छडी. मलापण पाठ आहेत.

"काका, यात कुठला आकडा दिसतो?"

"बारा! आठ! सहा! एकोणतीस! सत्तावन्न! पाच! तीन! पंधरा! चौऱ्याहत्तर!"

तिनं अजून पहिलंच पान उघडलं होतं.

मी टाळी वाजवली. हवालदार पास! आबापण हसले, किती दिवसांनी. भार्गवी हसली नाही. तिनं पुस्तक मधूनच कुठनंतरी उघडलं. "आणि हा?"

"बारा."

दुसरीकडं उघडलं. "हा?"

"आठ."

"काका, पाठ नका म्हणू. नीट बघून सांगा."

आबांनी पानाकडं बघितलं. बोट ठिपक्यांवर फिरवलं. कपाळावर घाम आला. "सहा," हळू म्हणाले. त्या पानावर चौऱ्याहत्तर होता, मला लख्ख दिसत होता.

"तू पानं उलटीपालटी का केलीस?" मी तिला विचारलं. "माणूस गोंधळणारच की!"

"तपासायलाच केली, ऋषिराज."

मग धवल डॉक्टर आला. चष्मा, गोरापान, हातात किणकिण करणारं घड्याळ. त्यानं आबांच्या डोळ्याच्या मागच्या पडद्याचे फोटो काढले आणि अर्धा तास लावून सांगितलं. नंबर फारसा बदललेला नाही. मोतीबिंदूचं मागचं ऑपरेशन चांगलं झालंय, काचबिंदू नाही. पण पडद्याचा थर वयाच्या मानानं पातळ दिसतो, आणि रंगातला, उजेड-सावलीतला फरक त्यांना कळत नाही. "नुसत्या डोळ्यावरून मी काही ठरवणार नाही. दुसरंही कारण असू शकतं. पण मेंदूच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. घरी काही विसरतात का? चिडतात का?"

"माझा बाप पलटणीतल्या रायफलीचा नंबर आजपण सांगतो," मी म्हणालो.

"जुनं नव्हे. कालचं."

भार्गवी बाहेर आली, तेव्हा मी विचारलं, हा काय बोलतोय? ती म्हणाली, "डोळा बघतोय रे त्यांचा. बघितलेलं आत पोचत नाहीये."

तिनं पाकीट दिलं. मागच्या बाजूला निळ्या शाईत, तिच्या अक्षरात लिहिलंय: उशीर करू नका.

१५ फेब्रुवारी

पाकीट फोडलं. मिरजेच्या मेंदूच्या डॉक्टरच्या नावानं धवलची इंग्रजी चिठ्ठी. माझ्या बापाला येडा ठरवायला निघालाय. काल आलेला पोरगा! आबांनी सियाचीनला जेवढा बर्फ खाल्लाय तेवढं याचं वय नाही. चिठ्ठीचे बारीक तुकडे केले आणि कॅनॉलमध्ये सोडले.

पाकिटाची मागची बाजू तेवढी फाडून ठेवलीय. या डायरीत.

उशीर करू नका. दिवसात वीस वेळा वाचतो. तोंडावर ती मला 'तू' म्हणते, मग कागदावर 'नका' का लिहिलं? बायका नवऱ्याला अहो-जाहो करतात. तोंडानं म्हणायची लाज वाटली असेल, म्हणून लिहिलं. सरळ आहे.

चष्म्याचं काय, तासगावात रस्त्यावरच्या दुकानातनं नवीन करून घेऊ.

२४ फेब्रुवारी

आबा सकाळी पलूसला दाढी करायला गेले आणि दुपारी तीनला इस्लामपूरच्या स्टँडवर सापडले. मोटरसायकल घेऊन मी गेलो. बाकड्यावर बसले होते, टोपी मांडीवर, निम्मी दाढी केलेली. निम्मीच. न्हाव्याच्या खुर्चीतनं उठून आले म्हणे.

मी त्या गाडीच्या कंडक्टरची कॉलर धरली. म्हातारा माणूस चुकीच्या गाडीत बसतो आणि तू तिकीट फाडतोस? दोन लगावल्या. लोकांनी सोडवलं.

येताना विचारलं, "आबा, गाडीची पाटी वाचली न्हाई का?"

"अक्षरं दिसत हुती," आबा पाठीमागनं म्हणाले. "वाचता येईनात." मग थोड्या वेळानं, "कुणाला सांगू नगं, ऋष्या."

नाही सांगणार. नवा चष्मा घालून शेडवर गेले की सगळं जागेवर येईल. नानासोला मी बोललोय. "बसून राहू दे त्यांना, प्रत लावाया नगं," म्हणाला. तेवढं तर तेवढं.

२ मार्च

तिच्या चिठ्ठीचं उत्तर द्यायला आज सांगलीला गेलो. द्राक्षाची पेटी घेतली होती, चांगली निवडून. दवाखान्याच्या दारात बघतो तर भार्गवी धवलच्या स्कूटरवर मागं बसून आली. दोघांच्या मध्ये भिंगांची मोठी पेटी होती, कुठल्यातरी शिबिराला गेले होते म्हणे. पेटी मध्ये असली म्हणून काय झालं!

पुढचं नीट आठवत नाही. त्याचा चष्मा माझ्या मुठीत फुटला, हे आठवतंय. नाकातनं रक्त पांढऱ्या कोटावर. द्राक्षं रस्त्यावर, त्यावर आम्ही दोघं. तो मारत नव्हता, नुसता हात आडवे धरत होता. त्यानं मला अजून चेव आला. बोटात काच घुसली, तरी मारत होतो.

भार्गवी किंचाळली नाही. मला मागनं शर्टाला धरून ओढलं आणि एकच विचारलं, "काकांना दाखवलंस का?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"दाखवलंस का नाही?"

"नाही!"

"मग इथं कशाला आलास?" म्हणाली आणि त्या डॉक्टरचं डोकं वर धरून नाक चिमटीत दाबून बसली.

मी उत्तर द्यायला आलो होतो. हे सांगायचं राहिलं.

पोलीस आले नाहीत. त्यानं तक्रार दिली नाही. घाबरला असणार.

१६ मार्च

डाव्या हातानं लिहितोय. उजवा मोडलाय. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं येतंय. पण लिहिणार. सगळं लिहिणार.

तेरा तारखेला दुपारी शेडमध्ये गंधकाची धुरी चालू होती. बेदाण्याला पिवळा रंग चढावा म्हणून देतात. धूर घशाला जाळतो, म्हणून आत जाताना तोंडाला फडकं आणि डोळ्याला गॉगल. आबा बाहेर खुर्चीवर बसले होते, नवा चष्मा घालून. मी शेगडी बघून बाहेर आलो.

आबांनी पहार उचलली. मला वाटलं काही ठोकायचं असेल.

पहिला घाव मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज आधी आला, दुखणं नंतर. मी ओरडलो, गॉगल फेकला, फडकं ओढून काढलं. "आबा! मी हाय! ऋष्या!"

इथपर्यंत समजून घेता येतं. तोंड झाकलेला माणूस धुरातनं आला, कुणीपण चोर म्हणेल. पण मी फडकं काढलं होतं. भर उन्हात उभा होतो, त्यांच्यापासून दोन हातांवर. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. सरळ. डोळे स्वच्छ, उघडे. आणि म्हणाले,

"माझ्या पोराचा शर्ट काढ, भाडखाऊ! कुठं मारून टाकलास माझ्या पोराला?"

दुसरा घाव खांद्यावर. तिसरा डोक्यावर बसला असता.

मी मारलं. डाव्या हातानं, सगळा जोर लावून, जबड्यावर. माझ्या बापाला. ते क्रेटवर पडले, चष्मा उडाला, ओठ फाटला, एक दात जमिनीवर पडला. कामाच्या बायका हातातलं टाकून बघत उभ्या राहिल्या.

आबा थोडा वेळ पडून राहिले. मग कोपरावर उठले, माझ्याकडं बघितलं, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"ऋष्या? आरं, हात असा का लोंबतोय तुझा?" स्वतःच्या तोंडातनं रक्त गळत होतं, त्याची शुद्ध नाही. माझ्या हाताखाली हात घातला, असा हळू. "कुणी मारलं? नाव सांग. जित्ता सोडत न्हाई."

सगळ्या शेडनं ऐकलं. 

१७ मार्च

झोपून आहे. आबा तासातासाला आत येतात, प्लास्टर बघतात, तेच विचारतात. नाव सांग. प्रत्येक वेळी नव्यानं. आणि प्रत्येक वेळी तेवढेच पेटतात.

त्यांचा ओठ कसा फाटला, हे मात्र विचारत नाहीत.

२१ मार्च

सांगलीला गेलो. पाकिटाचा तुकडा भार्गवीच्या टेबलावर ठेवला.

"हे तू मला लिहिलं होतंस?"

तिनं वाचलं. तुकड्याकडं बघितलं, प्लास्टरकडं बघितलं. तिला कळलं, मी काय समजलो होतो ते. मला वाटलं हसेल. हसली असती तर बरं झालं असतं.

"काकांच्या चिठ्ठीवर होतं ते, ऋषिराज. घरच्यांसाठी. सगळ्यांनाच लिहिते मी. चिठ्ठी कुठंय?"

"कॅनॉलात."

ती उठली आणि धवलला घेऊन आली. त्याच्या नाकावर अजून पट्टी. त्यानं आधी माझा मोडका हात नीट न्याहाळला. "उजवाच ना? मग खुर्ची जवळ घ्या, काळजी नाही," म्हणाला आणि दुसरी चिठ्ठी लिहायला बसला. मी सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "चष्मा नवीन घेतला. आधीचा नाहीतरी मला आवडत नव्हता."

मी त्याला ताटलीचं सांगितलं, पायपुसण्याचं, पाटीचं, शर्टाचं. सगळं सलग सांगितलं आणि सांगताना पहिल्यांदा मलाच ऐकू आलं. महिनाभर हे माझ्या डायरीत माझ्याच अक्षरात पडून होतं.

भार्गवी म्हणाली, पांढऱ्या ताटलीत पांढरा भात त्यांना दिसतच नसणार. रंगीत ताट घ्या, गडद. पाकिटावर या वेळी तिनं नुसती तारीख लिहिली, ४ एप्रिल.

२३ मार्च

आईनं बाजारातनं लालभडक ताट आणलं. दहीभात वाढला. आबांनी पटापट खाल्ला, दुसऱ्यांदा मागितला.

"आज लय दिसांनी वाढलंस गं, अंजना."

"आवं, रोज वाढतीया," आई म्हणाली. कपाळावरच्या टाक्यांची खूण अजून लाल आहे. ती आत गेली आणि बराच वेळ आली नाही.

४ एप्रिल

मिरज. रक्त तपासलं, मेंदूचा फोटो काढला, आबांना घड्याळाचं चित्र काढायला लावलं. त्यांनी गोल काढला आणि बाराही आकडे एका बाजूला कोंबले. मग पेन खाली ठेवून डॉक्टरकडं असं बघितलं, जसं नापास झालेलं पोरगं त्यांच्याकडं बघायचं.

डॉक्टरीणबाईंनी मला आणि आईला आजाराचं नाव सांगितलं. जाणार नाही म्हणाल्या. गोळ्यांनी वेग थोडा कमी होईल. महिनाभर आधी आणलं असतं तरी आजार बरा झाला नसता, असंही म्हणाल्या, मी न विचारता. पण पहार आबांच्या हाताला लागली नसती, हे बाईंना कुठं माहीत.

मुठी आवळल्या गेल्या. एकच आवळली गेली. समोर मारण्यासारखं कुणी नव्हतं. टेबल होतं, मेंदूचं प्लास्टिकचं मॉडेल होतं, आई होती.

परत येताना स्टँडबाहेर रसवंतीवर बसलो. आई औषधं आणायला गेलेली. मी आबांना खुशीत ठेवावं म्हणून म्हणालो, "बारा, आठ, सहा, एकोणतीस..."

"सत्तावन्न," आबा लगेच म्हणाले. "पाच, तीन, पंधरा, चौऱ्याहत्तर. शाब्बास. तू मेडिकलला पास हाईस." मग त्यांची नजर प्लास्टरवर गेली. ग्लास खाली ठेवला. मान वर आली, जबडा घट्ट झाला, तोच जत्रेतला माणूस.

"कुणी मारलं रं? नाव सांग."

तीन आठवडे मी गप्प होतो. आज सांगितलं.

"अल्झायमर."

आबांनी नाव तोंडात घोळवलं. ओळखीचं वाटेना. कपाळाला आठ्या पडल्या.

"कुठल्या गावचा?"

"लांबचा हाय, आबा."

"असू दे." उसाच्या चिपाडांवरनं, गाड्यांवरनं, गर्दीवरनं त्यांची नजर फिरली, त्याला शोधत. "किती दांडगा हाय?"

"लय दांडगा."

"असू दे म्हणतोय न्हवं." त्यांनी माझा चांगला हात धरला आणि उठून उभे राहिले. "चल. दोघं जाऊ."